दाजींनी बदललेला स्विच

दाजींच्या गाडीत किल्ली फिरवली की कधी नुसते दिवे लागत, कधी नुसती टकटक होई आणि लहर लागली तर गाडी चालू होई. स्टिअरिंगच्या दांड्यातला स्विच गेलाय, मेकॅनिकला दाखवा, असं बायकोने सांगून पाहिलं. पण मेकॅनिक गाडीला नावं ठेवणार आणि दाजींना ते खपणार नव्हतं. दोन वर्षांपूर्वी मेहुण्याने, म्हणजे बायकोच्या थोरल्या भावाने, चारचौघांत "दाजी, हे खटारं भंगारात घाला" म्हटलं, तेव्हापासून दोघांत बोलणं बंद होतं. त्यात बायकोचं माहेर फुकटच तुटलं.

आता सासूबाई ऑपरेशन होऊन घरी आल्या होत्या. रविवारी दोघांनी या, असा खुद्द मेहुण्याचा निरोप आला.

"त्याच्याशी दोन शब्द नीट बोला. बाकी काही नको मला," बायको म्हणाली.

रविवारी सकाळी दाजींनी स्टिअरिंगखालचं कव्हर उघडलं, जुना स्विच उपसला आणि नवा बसवायला घेतला. त्याची खाच किल्लीमागच्या दांडीशी जुळवून घ्यायची असते. ती जुळेना, म्हणून दाजींनी स्विच जोर लावून आत दाबला. वाकड्यात शिरणाऱ्याला दाबावंच लागतं, असं त्यांचं एकूण आयुष्याबद्दलच मत होतं. गाडी एका फटक्यात चालू झाली. वाटभर त्यांनी मेकॅनिक या जातीचा उद्धार केला.

मेहुण्याच्या दारात त्यांनी किल्ली उलटी फिरवली. इंजिन चालूच. किल्ली उपसून काढली, तरी चालूच. गियरमध्ये टाकून झटका दिला असता तर गाडी बंद पडली असती. पण मग पुन्हा चालू झाली नाही तर? या माणसाच्या दारातून गाडी ढकलत न्यायची? त्यापेक्षा मेलेलं बरं.

"तू हो पुढे," ते म्हणाले, "मी आलोच."

बायको आत गेली. दाजी घरघरत बसून राहिले. सासूबाईंनी खिडकीतून हात हलवला, यांनीही हलवला. मेहुण्याची बायको बोलवायला आली, तिला फोन यायचाय म्हणून सांगितलं. चुलत सासरे आले, त्यांना पाठीत उसण भरल्याचं सांगितलं. आत दोघांनी माहिती ताडून पाहिली असणार. शेवटी मेहुणा स्वतः आला. घडी मोडलेला नवा शर्ट घातला होता. तो वाकून जरा वेळ इंजिनाचा आवाज ऐकत राहिला.

"गाडी चालूच ठेवलीत, दाजी? एवढी घाई असेल तर राहू द्या."

खरं काय ते दाजींच्या अगदी ओठावर आलं होतं. "एसीशिवाय जमत नाही हल्ली," ते म्हणाले. एसी कधीचा बंद होता आणि चारही काचा खाली होत्या.

मेहुणा आत गेला आणि त्याने दार लावून घेतलं. दाजींनी संतापाने स्टिअरिंगखाली एक गुद्दा हाणला. खट् आवाज झाला, स्विच जागेवर बसला आणि इंजिन गप्प झालं.

मग मात्र ते आत धावले आणि सगळं खरं सांगून टाकलं: खाच, दाबणं, बंदच न होणारं इंजिन, सगळं. मेहुण्याने हात पुढे करून किल्ली मागितली. सगळं घर त्याच्या मागोमाग बाहेर आलं. त्याने गाडी चालू केली, बंद केली, पुन्हा चालू केली, पुन्हा बंद केली.

"स्विच चोख बसवलाय, दाजी," तो म्हणाला. या गाडीबद्दल त्याच्या तोंडून चांगला शब्द प्रथमच निघत होता.

बायकोने मागच्या सीटवरची आपली पिशवी उचलली. आईजवळ राहते काही दिवस, असं ती भावाकडे बघून म्हणाली. दाजींनी किल्ली फिरवली. या वेळी तरी गाडीने जरा आढेवेढे घ्यावेत, असं त्यांना फार वाटत होतं. ती लगेच चालू झाली.