मास्तरांच्या बाटलीवरची कवटी

थ्रासीवूलोस मास्तर शाळेतून निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली, पण शिकवायची खोड काही सुटली नव्हती. त्यातून लेकीनं, मिर्तोनं, लग्नासाठी पसंत करून आणला तो थेट इंग्रज, रूपर्ट. मग काय, जेवणाच्या टेबलावरच शाळा भरली.

"तुम्ही टॉक्सिक म्हणता ना, तो शब्द आमचा, ग्रीकांचा. तोक्सो म्हणजे धनुष्य. बाणाला विष फासायचे, त्यावरून आला तो. तुम्ही लोकांनी धनुष्य इथंच टाकलं आणि नुसतं विष घरी नेलं."

"माफ करा, बाबा," रूपर्ट म्हणाला. सासरेबुवा नाही म्हणतील या धास्तीनं तो सकाळपासून दिसेल त्याची माफी मागत होता.

"अहो मास्तर, पोराला दोन घास खाऊ द्या," एव्दोकिया नवऱ्यावर डाफरली.

विषाचं नाव निघालं आणि मास्तरांच्या घशाला कोरड पडली. डॉक्टरांनी त्यांची दारू बंद केली होती आणि एव्दोकिया डॉक्टरांच्याही वरताण. पण मास्तर बेरकी. ऑलिव्हवर फवारायचं औषध गावात सगळेच पाण्याच्या जुन्या बाटल्यांत ठेवतात. तशाच एका बाटलीत त्यांनी त्सिपुरो, म्हणजे घरी गाळलेली बडीशेपेच्या वासाची दारू, भरली, वर कवटी काढली, इंग्रजीत ठळक 'टॉक्सिक' लिहिलं आणि बाटली कोठीत पंपाशेजारी ठेवून दिली.

"कोंबड्यांकडे बघून येतो," म्हणून ते उठले.

रूपर्ट लिंबं तोडायला अंगणात आला, तर कोठीत सासरे कवटीची बाटली तोंडाला लावून उभे. त्यानं धावत जाऊन त्यांना मिठीच मारली.

"बाबा, थुंका ते. मी जातो परत. नाही करत लग्न, पण थुंका."

आरडाओरडा ऐकून सगळे धावले. शेजारच्या याकोवोसनं गाडीसुद्धा सुरू केली. "दवाखान्यात नेऊ. नळी घालून पोट धुतात."

खरं सांगावं तर बायको सोलून काढणार, गप्प बसावं तर घशात नळी. मास्तर गप्पच बसणार होते. पण मिर्तोचा चेहरा पांढराफटक पडला होता आणि रूपर्ट तर लहान मुलासारखा रडत होता.

"विष नाही रे ते," ते मान खाली घालून म्हणाले. "त्सिपुरो आहे. रोज एक घोट घेतो. आणि तू कुठं जायचं नाहीस."

एव्दोकियानं बाटली घेतली आणि घटाघटा प्यायली. "त्सिपुरो कुठली? ती मी ईस्टरलाच ओतून दिली. हे बडीशेपेचं पाणी."

"पण मला चढायची की."

"दिसत होतं ना. कोठीतून आलात की माझ्याशी इतकं गोड बोलायचात, म्हणून तर रोज भरून ठेवत होते."

रूपर्टनं डोळे पुसले. "म्हणजे आम्ही धनुष्य टाकलं आणि आईंनी विष."

मास्तर त्याच्याकडे बघतच राहिले. असा विद्यार्थी त्यांना उभ्या नोकरीत मिळाला नव्हता. "याकोवोस, गाडी बंद कर. तुझ्याकडची खरी घेऊन ये. जावई आलाय माझा."

खरी आली, सगळ्यांचे पेले भरले. मास्तरांनी आपला पुढं केला. एव्दोकियानं त्यात कवटीच्या बाटलीतलंच ओतलं.