वकीलबाईंच्या कोटावरचा अपूर्णांक

बाबांच्या शिलाईच्या दुकानातलं कापायचं टेबल म्हणजे भिंगरीच्या मते जगातला सर्वांत झकास फळा. त्यात आज त्यावर वकीलबाईंच्या कोटाचं काळंकुळकुळीत कापड पसरलेलं, शेजारी पांढरा खडू, आणि बाबा अस्तर आणायला गेलेले! उद्या तिला वर्गापुढे छेदात संमिश्र संख्या असलेला अपूर्णांक सोडवून दाखवायचा होता. त्या संख्येतल्या ज्या काल्पनिक i ला पाहून ती गेल्या आठवड्यापर्यंत वहीच मिटायची, तो आता तिच्या मुठीत होता. मग काय! लांब पट्टी धरून तिने ठसठशीत आडवी रेघ मारली. वर ५, खाली २ + i.

“खालचा i घालवायचाय ना?” ती शिलाई मशीनला शिकवू लागली. “मग मधलं चिन्ह उलटं करा, २ – i ने गुणा. पण खाली गुणलं की वरही गुणायचं हं, नाहीतर किंमत बदलते!”

तेवढ्यात माडीवरून आईची हाक आली. ‘खडू मग झटकू,’ म्हणत भिंगरी पळाली.

बाबा परतले. बायकांची मापं आई घ्यायची, तेव्हा या नव्या खुणा तिच्याच, यात त्यांना शंका वाटली नाही. ५ म्हणजे इंच, २ म्हणजे शिलाईची जागा, आणि तो i म्हणजे बहुतेक काज. “ऐन वेळी बदल करायचे आणि सांगायचं नाही,” असं पुटपुटत त्यांनी रेघेवरून कात्री चालवली. खर्रर्र!

भिंगरी जिन्यातच थिजली. “बाबा! ते गणित होतं!”

“कसलं गणित? ही तर कोटाची पाठ आहे!”

“होती,” मागून आलेली आई म्हणाली.

कापड तेवढंच होतं आणि तसं दुसरं गावात मिळणार नव्हतं. वकीलबाई नुकत्याच वकील झालेल्या. उद्या सकाळी त्यांचा पहिलाच खटला, आणि कोट आज संध्याकाळी न्यायचा होता.

“जोडून टाका हो,” आई म्हणाली.

“अगं, शिवणीत कापड जाणार. पाठ आखूड, पुढचा भाग लांब. कोर्टात काय, पुढे झेंडा लोंबकळत उभी राहणार ती?”

भिंगरीचे डोळे चमकले. “मग पुढेही तेच करा! त्याच उंचीवर कापा, तेवढीच शिवण घाला. एका बाजूला केलं ते दुसऱ्या बाजूलाही केलं की झालं!”

“चांगला धडधाकट पुढचा भाग कापू? तुझं डोकं ठिकाणावर आहे का?”

“एकाच बाजूला जोड दिसला तर ते ठिगळ, बाबा. चहूबाजूंनी दिसला तर फॅशन!”

बाबांनी आईकडे पाहिलं. आईने कात्री पुढे केली. बाबांनी एक डोळा मिटला आणि उघड्या डोळ्याने रेघ धरून कापड कापलं.

वकीलबाई आल्या तेव्हा शेवटचं बटण लावून होत होतं. कोट घालून त्या आरशापुढे उभ्या राहिल्या. “मी साधा सांगितला होता ना?” बाबांनी उगाच टेप गुंडाळायला घेतला. वकीलबाई डावीकडे वळल्या, उजवीकडे वळल्या. कमरेवरची शिवण नेमकी बसली होती. त्यांची पाठ आपोआप ताठ झाली. “माननीय न्यायाधीश महाराज,” त्या आरशाला म्हणाल्या. मग पुन्हा, मोठ्याने. “अय्या, आवाज फुटला की! सकाळपासून नुसती किरकिर येत होती. काका, ही शिवण सुचली कुणाला?”

बाबांनी क्षणभर छाती फुगवली. मग सोडली. “आमच्या भिंगरीला.”

वकीलबाई पायऱ्या उतरून गेल्या. बाबांनी कात्री कपाटात ठेवली, कुलूप लावलं, स्टूल ओढलं आणि शाळकरी मुलासारखे समोर बसले.

“हं, आता तो i म्हणजे काय ते सांग.”

“खरंच?” भिंगरीने आनंदाने खडू उचलला.

“खरंच. पण कागदावर.”