मागे घेतलेला शब्द

मीटिंग ऐन रंगात आली असताना स्टोअरकीपर चुळबुळत उभे राहिले. बायकोचा नवा चष्मा घ्यायचा होता आणि "तुम्ही बघितल्याशिवाय मी फ्रेम घेणार नाही," असं तिनं सकाळीच बजावलं होतं.

साहेब हसले. "जा, जा. यू आर अ ट्रूली अक्सोरिअस मॅन!"

साहेबांना जड इंग्रजी शब्दांचा भारी शौक. एवढा भारदस्त शब्द म्हणजे बढतीची नांदीच, असं स्टोअरकीपरांना वाटलं. चष्म्याच्या दुकानातच त्यांनी बायकोला सांगून टाकलं, "साहेबांनी सगळ्यांदेखत मला अक्सोरिअस म्हटलं."

"अगंबाई! म्हणजे काय हो?"

"म्हणजे... भरवशाचा. त्यातलंच काहीतरी."

दुसऱ्या दिवशी हिशेबनीसांनी मोबाइलवर अर्थ शोधला आणि मोठ्यांदा वाचला. "मूळ लॅटिन 'उक्सोर', म्हणजे बायको. त्यावरून अक्सोरिअस. बायकोवर नको इतकं प्रेम करणारा, तिच्या शब्दाबाहेर नसणारा. बहुधा टोमणा म्हणून वापरतात."

खसखस पिकली. चहा आला तेव्हा कुणीतरी विचारलं, "साखर किती घालू? की वहिनींना फोन करून विचारताय?"

कप तसाच ठेवून स्टोअरकीपर तडक साहेबांच्या खोलीत गेले.

"साहेब, शब्द मागे घ्या."

"अहो, मी कौतुकानं म्हटलं होतं!"

"असेल. पण मला तोंड दाखवायला जागा राहिली नाही."

साहेब मनाचे चांगले. त्यांनी बाहेर येऊन सर्वांसमोर जाहीर केलं, "कालचा शब्द मी मागे घेतो. हे गृहस्थ अजिबात अक्सोरिअस नाहीत."

टाळ्या पडल्या. टाळ्यांनी भलेभले बिघडतात. स्टोअरकीपरही कॉलर ताठ करून म्हणाले, "बायकोचं माझ्यापुढे काडीचं चालत नाही!"

कोपऱ्यातल्या टायपिस्टबाईंनी मान वर केली. त्या त्यांच्याच इमारतीत, समोरच्याच घरात राहायच्या.

बायकोनं सांगितलेली भाजी निवडून घेईपर्यंत स्टोअरकीपरांना उशीर झाला. टायपिस्टबाईंना झाला नव्हता. दार उघडलं तेव्हा नव्या चष्म्यातून दोन डोळे त्यांच्यावर रोखलेले होते.

"तुमचं माझ्यावर प्रेम आहे, असं साहेब म्हणाले. ते तुम्हाला झोंबलं?"

"तसं नाही गं. त्या शब्दात 'नको इतकं' असं आहे..."

"कुणाला नको? मी म्हटलं कधी, नको म्हणून?"

ती भांडली असती तर परवडलं असतं, पण तिनं मुकाट्यानं ताट वाढलं, पाणी ठेवलं आणि चष्मा काढून घडी घालून डबीत ठेवला. त्यांच्याकडे बघण्यासारखं आता काही उरलंच नव्हतं जणू. सारी रात्र स्टोअरकीपरांनी तिच्या पाठीकडे बघत काढली.

सकाळी साहेब खुर्चीत टेकतात न टेकतात तोच स्टोअरकीपर पुढ्यात हजर.

"आता काय झालं?"

"साहेब, तो शब्द... परत द्या."

साहेबांनी चष्म्यावरून त्यांच्याकडे नीट पाहिलं. मग ते हळूच म्हणाले, "घरी कळलं वाटतं? बरं. कालच्यासारखा सगळ्यांसमोर देऊ?"

"हो साहेब. फक्त टायपिस्टबाई जागेवर आहेत ना, तेवढं बघून द्या."