चौसष्ट शुभेच्छुकांची वेबसाइट

कोणत्याही व्यवसायाला तीन गोष्टी लागतात: माल, गिऱ्हाईक आणि शुभेच्छुक. पैकी पहिल्या दोन नसल्या तरी अनेक व्यवसाय वर्षानुवर्षं चालल्याचं दिसून येतं. शुभेच्छुक नसलेला व्यवसाय मात्र अद्याप कुणाच्या पाहण्यात नाही.

छोट्या व्यवसायाच्या वेबसाइटला हे तत्त्व कसं लावावं, याचा आदर्श देवणीच्या रेवणप्पांनी घालून दिला. त्यांचं बैलांच्या साजाचं दुकान. त्यांच्या पत्नी जगदेवी यांनी वर्षभर बसून गोंड्यांच्या दोनशे माळा तयार केल्या होत्या (त्यांची मान अजून डावीकडे वळत नाही). पोळा दहा दिवसांवर आला होता. पोळा झाला की माळेकडे बैलसुद्धा बघत नाही. गावात खपून खपणार चाळीस, बाकीच्या बाहेरगावी जायला हव्यात, म्हणून वेबसाइट.

काम फ्लेक्सवाल्या मलप्पांना दिलं. वेबसाइट म्हणजे वाऱ्याने न फाटणारा फ्लेक्स, अशी त्यांची शास्त्रशुद्ध व्याख्या आहे. त्यानुसार वर मार्गदर्शक, मध्ये आधारस्तंभ, खाली शुभेच्छुक. ज्याचा फोटो राहून जातो तो पुढच्या लग्नाला येत नाही, आणि आला तर जेवत नाही. त्यामुळे यादी चौसष्टवर गेली. (थोरले साडू गॉगलसह आणि गॉगलविना असे दोनदा.)

उद्घाटनाच्या आदल्या दिवशी जगदेवींनी वेबसाइट वरपासून खालपर्यंत पाहिली.

"माळ कुठं हाय ह्याच्यात?"

"जागाच न्हाई राहिली, वहिनी," मलप्पा म्हणाले.

"मंग फोन नंबर?"

"हाय की. सगळ्यात खाली."

तो मलप्पांचा होता. फ्लेक्सच्या कोपऱ्यात छापणाऱ्याचा नंबर असतो, ती परंपरा मोडणं त्यांना प्रशस्त वाटलं नाही.

"जागा पाहिजे तर कुणाला काढू, सांगा," त्यांनी विचारलं. रेवणप्पा उद्घाटनाची फीत आणायला निघून गेले.

दुसऱ्या दिवशी संगणकाला फीत बांधून ती कापण्यात आली (सोबत माउसची वायरही). पहिल्या पाच दिवसांत वेबसाइटला ३,११२ भेटी मिळाल्या. पैकी ३,१०० स्वतःचा फोटो पाहण्यासाठी, अकरा स्वतःचा फोटो नसल्याची खात्री करण्यासाठी आणि एक माल पाहण्यासाठी. हे एक म्हणजे देगलूरचे ग्यानोबा. चौसष्ट चेहरे ओलांडून ते नंबरापर्यंत पोचले, बैलासाठी माळ विचारायला फोन केला आणि नातवाच्या बारशाचा फ्लेक्स सांगून मोकळे झाले.

पोळ्याला चार दिवस उरले. घरात एकशे नव्वद माळा. जगदेवींना रडू आलं. मग त्यांनी डोळे पुसले आणि थोरल्या बहिणीच्या नवऱ्याला, म्हणजे त्याच दोन फोटोंच्या साडूंना फोन लावला.

"दाजी, लोक म्हणायलेत, बाकीच्यांच्या फोटोत गळ्यात माळ दिसणार हाय, तुमचाच गळा मोकळा राहणार."

तासाभरात दाजी हजर. दोन माळा विकत घेतल्या, प्रत्येक फोटोला एक. संध्याकाळी त्यांचे माळांसह नवे फोटो वेबसाइटवर झळकले, आणि सकाळी दुकानापुढे आधारस्तंभांची रांग लागली. मार्गदर्शकांनी पदाला शोभतील अशा तीन-तीन घेतल्या. एकाने झूलही अंगावर घेऊन पाहिली. रेवणप्पांनी ती कमरेत थोडी दाबून दिली.

अशा रीतीने वेबसाइटवर माल दिसू लागला, तोही एकाच वेळी चौसष्ट गळ्यांत. अहमदपूरचे शेतकरी मोबाइल पुढे धरून, पत्ता विचारत थेट दुकानात आले. "ह्या गॉगलवाल्याच्या गळ्यातली द्या," म्हणाले. पोळ्याच्या आदल्या दिवशी दुकानात एकच माळ शिल्लक राहिली. जगदेवी त्या दिवशी दुपारी, बऱ्याच महिन्यांनी, आडव्या झाल्या.

ती एक माळ अजून आहे. वाचकहो, इथवर वाचून आपण एकदाही दुकानाचा नंबर विचारला नाहीत. या निष्ठेची दखल घेऊन आपली पासष्टावे शुभेच्छुक म्हणून एकमताने निवड झाली आहे. फोटो आणि गळ्याचं माप पाठवावं. वेसण दुकानातर्फे मोफत.