बरोबर पाच टोप्या

"टोप्या मोजू नकोस, सूनबाई, तोंडं बघ. टोपी काय, कुणाच्याही डोक्यावर बसते."

सासऱ्यांनी हे घरातून निघताना, चपलांच्या कपाटापाशी उभं राहून सांगितलं होतं. सूनबाईने ते या कानाने ऐकलं आणि त्या कानाने सोडून दिलं. ती संख्याशास्त्राची पदवीधर. जे मोजता येतं ते हरवत नाही, असा तिचा सिद्धांत होता आणि लग्न, बाळंतपण, दोनदा घर बदलणं एवढं सगळं होऊनही त्याला तडा गेलेला नव्हता. पाच माणसं, पाच भडक नारिंगी टोप्या. आंधळ्यालाही दिसाव्यात अशा! आज या घरातलं एक जरी माणूस हरवलं तर नाव बदलीन, असं तिने नवऱ्याला ऐकवलं. नाव बदलायला फार खटपट असते, असं नवरा म्हणाला. त्या घरात नवऱ्याचा उपयोग साधारण एवढाच होता.

हा सगळा उपद्व्याप सुरू झाला तो नणंदेमुळे. नणंद दुसऱ्या गावी एका मोठ्या शाळेची मुख्याध्यापिका. वर्ष संपता संपता ती भावाकडे राहायला आली आणि आल्या आल्या, वर्ग तपासावा तसं तिने घर तपासलं. बाबा खिडकीशी खुर्चीत बसलेले दिसले. सकाळी दिसले, दुपारी दिसले, दिवेलागणीलाही तिथेच. झालं, निकाल लागला. आई गेल्यापासून बाबांना इथे कुणी विचारत नाही, कुंडीतल्या रोपासारखे नुसते ठेवून दिलेत, तर जाताना मी त्यांना कायमचं माझ्याकडे घेऊन जाणार. तिकडे बाग आहे, मोकळी हवा आहे आणि मी आहे. बाग आणि हवा यांबद्दल कुणाचीच तक्रार नव्हती.

सूनबाईचा हिशेब वेगळा होता. बाबांनी उभी हयात बस स्थानकावर कर्ण्यावरून घोषणा करण्यात काढली होती. कर्णा सुटला, सवय सुटली नाही. "लक्ष द्या, दूध उतू जाण्याच्या तयारीत आहे." "लक्ष द्या, पाहुणे जिना चढत आहेत." नातीला घरात सगळे भिंगरी म्हणत. आईच्या हाकांना ती भीक घालत नसे. पण आजोबांनी "आंघोळीकडे जाणारी भिंगरी सुटण्याच्या बेतात आहे" असं म्हटलं की मोरीकडे धूम ठोकायची. खिडकीत बाबा बसत ते करमत नाही म्हणून नव्हे, तर रस्त्यावरच्या बस कशा बेशिस्तीने धावतात ते बघून मनातल्या मनात जळायला. ते त्यांचं सुख होतं. हे नणंदेला सांगणार कोण? आणि तो आवाज घरातून गेला तर मागे उरणार काय? नवऱ्याचं "हं".

त्या "हं"नेच मग मोबाइल पुढे केला. 'वर्षाच्या सुरुवातीला आपल्या शहरात करायलाच हव्यात अशा गोष्टी.' बाबांना दिवसभर हिंडवू, इथे त्यांची किती मजा चालते ते ताईला दाखवून देऊ, असा बेत. हे असलं लिहिणाऱ्यांना काय म्हणावं! जणू तळं, मनोरा, संग्रहालय सगळं वर्षभर झाकून ठेवलेलं असतं आणि एक तारखेला झाकण उघडतात. संग्रहालयाच्या पायऱ्यांवर कोवळं ऊन खा. काचघरात जाऊन फुलांकडे नव्या नजरेने बघा. तळ्याकाठी स्वतःशी बोला. स्वतःशी बोलायला सूनबाईला तळं लागत नव्हतं. ओटा पुरत होता.

पहिल्या रविवारी निघाले. अख्ख्या शहराने तेच वाचलेलं! तळ्याकाठी स्वतःशी बोलायला इतकी माणसं लोटली होती की कुणाचं कुणाला ऐकू येत नव्हतं. कोवळ्या उन्हाला रांग होती. शांतता अनुभवायची म्हणून एक बाई शेजारच्या कुटुंबावर खेकसत होत्या. नवरा जिकडे तिकडे फोटो काढत होता आणि काढलेल्या फोटोत बघून, "छान आहे ना इथे," असं म्हणत होता. नणंद नाकाला रुमाल लावून चालत होती. काळा कोट, गळ्यात मफलर अशा थाटात बाबा मागे हात बांधून गर्दीकडे बघत होते. एवढी माणसं आणि कुठे उभं राहायचं ते सांगायला एकही माणूस नेमलेला नाही, याचं त्यांना खरोखर दुःख होत होतं. सूनबाई दर वळणावर टोप्या मोजत होती.

संग्रहालयाच्या पायऱ्यांवर घोटाळा झाला. तिथे शहर दाखवणारी एक फुकटची पायी सहल जमत होती, आणि सहलीतल्या सगळ्यांना टोप्या वाटल्या होत्या. नारिंगी. एकाच दुकानदाराने दोन्हीकडे आपला खपत नसलेला माल खपवला असणार. सूनबाईला यातलं काही कळलं नाही, कारण त्याच क्षणी भिंगरी कबुतरांच्या मागे सुटली. आईने झडप घालून तिला कडेवर घेतलं, उरलेल्या हाताने गर्दीतून काळ्या कोटाची बाही धरली, वर टोपी आहे ना तेवढं बघितलं आणि, "चला बाबा, मागे राहू नका," म्हणत पायऱ्या उतरून थेट काचघराच्या रांगेत आली. तिथे मोजलं. नणंद, बाबा, ती, भिंगरी, नवरा. बरोबर पाच. संख्याशास्त्राचा विजय असो!

रांग एकामागे एक अशी होती. सगळ्यांत पुढे नणंद, तिच्या मागे काळा कोट, त्याच्या मागे भिंगरीला घेऊन सूनबाई, आणि शेवटी मोबाइलला चिकटलेला नवरा. थोड्या वेळाने भिंगरी आईच्या कानाशी लागली. हे आजोबांचे कान नाहीत, असं तिचं म्हणणं पडलं. थंडीने सगळ्यांचेच कान तसे होतात, असं सांगून आईने तिला गप्प केलं.

तेवढ्यात पुढे नणंदेने तोंड उघडलं. मागे वळून बोलायची सवय मुख्याध्यापिकांना नसते. आपल्या मागे रांग आहे आणि ती ऐकते आहे, हे त्या धरूनच चालतात. ती काचघराच्या दाराकडे बघत बोलत राहिली. खोली तयार आहे. सकाळी बागेत फेऱ्या, मग वाचन, मग झोप, मग पुन्हा फेऱ्या. सगळं ठरल्या वेळी. इथे तुमची आबाळ होते, हे तुम्ही म्हणणार नाही, कारण तुम्ही भिडस्त. वहिनी वाईट नाही, पण तिला आधीच एक पोर सांभाळवत नाही. हे वाक्य वहिनीच्या नाकासमोर बोललं गेलं.

"तेव्हा आता सरळ विचारते, बाबा. येणार ना माझ्याकडे? नाही म्हणायचं असेल तर आत्ताच म्हणा."

काळा कोट गप्प.

"ठरलं तर मग. न बोलणं म्हणजे होकार. आमच्या शाळेत हेच चालतं."

आणि नारिंगी टोपी चक्क हलली. होकारार्थी!

सूनबाईला रांगेतच रडू फुटायचं बाकी राहिलं. ज्या माणसाने दूध उतू जाताना घोषणा केली, पाहुणा जिना चढताना घोषणा केली, त्याला आपण घर सोडून चाललो यावर एक शब्द बोलावासा वाटू नये? बरं, इतकी वर्षं हिने केलं ते सगळं कुंडीला पाणी घातल्यासारखंच का? पण स्वभावाला औषध नाही. त्यांच्या गळ्याभोवतीचा मफलर सुटलेला तिला दिसला. जाणारच आहेत, तर निदान आज सर्दी नको, म्हणून ती वळसा घालून पुढे आली आणि मफलर बांधायला तिने हात उचलला.

हात हवेतच राहिला. मफलरच्या वर भरघोस मिशा होत्या. बाबांना मिशा नव्हत्या.

"तुम्ही कोण?" सूनबाईने विचारलं.

"गाईड," असा घशातून वारा आल्यासारखा आवाज आला. "सहलीचा. घसा बसलाय."

मग त्या गृहस्थाने कुजबुजत, खाणाखुणा करत हकिकत सांगितली. पन्नाशी उलटलेला, नोकरीत नवा. आदल्या दिवशी ओरडून ओरडून आवाज गेला. कचेरीत कळवलं, तर तिकडून निरोप: पायऱ्यांवर थांबा, एक बाई येतील, त्या नेतील तिकडे जा, उलट बोलू नका. एक बाई आल्या. बाही धरली. गेलो. पुढे दुसऱ्या बाई खोली देऊ, बाग देऊ म्हणायला लागल्या. एवढ्या सवलती या नोकरीत मिळतात याची त्याला कल्पना नव्हती, पण नाही कशाला म्हणायचं, म्हणून मान हलवली.

नणंदेने तेव्हा कुठे मागे वळून बघितलं. "बाबा कुठे आहेत?"

प्रश्न साधाच, पण तो कानावर पडल्यावर पालकांना शाळेतून दाखला काढून न्यावा लागतो, अशा सुरातला. नवऱ्याने मोबाइल खाली केला आणि इकडे तिकडे बघितलं, जणू बाबा त्याच्याच पायाशी पडलेले असावेत. सूनबाई उत्तर द्यायला थांबली नाही. भिंगरीला कडेवर घट्ट धरून ती संग्रहालयाकडे पळत सुटली. सगळीकडे नारिंगी टोप्या दिसत होत्या आणि आता तिला त्यांची शिसारी येत होती. रस्ता ओलांडताना बाबांना धक्का लागला असेल. चक्कर आली असेल. कुठेतरी बाकावर बसून ते आपली वाट बघत असतील, आणि मनातसुद्धा आपल्याला बोल लावत नसतील. हा शेवटचा विचार सगळ्यांत वाईट होता.

चौकाच्या तोंडाशी ती थबकली.

"लक्ष द्या. मागच्यांनी पुढे यावं. पुढच्यांनी जागा सोडू नये. लहान मुलांचा हात धरावा, आणि ज्यांना मुलं नाहीत त्यांनी दुसऱ्यांच्या मुलांकडे लक्ष ठेवावं."

अख्खा चौक निमूट सरकला. मधोमध, कारंज्याच्या कठड्यावर बाबा उभे होते. सहलवाले गाईडविना ताटकळलेले बघून त्यांना राहवलं नव्हतं. माणसं उभी आहेत आणि घोषणा नाही, हे त्यांच्या डोळ्यांना सोसेना. एकदा तोंड उघडल्यावर टोप्यावाले मागे लागले, मग बिनटोपीचेही आले, आणि आता ही जत्रा जमली होती. बाबा त्या भागात जन्मात दोनदाही आले नसतील. पण अडलं कुणाचं?

"समोर दिसते ती पाण्याची टाकी. हिच्यात एके काळी पाणी होतं. ते कुठे गेलं याची चौकशी नेमली. चौकशी चालू आहे." लोक फोटो काढत होते! "डाव्या हाताला बंद दार. या दारात एक माणूस रोज वाट बघत उभा राहायचा." एका बाईंनी कुणाची म्हणून विचारलं. "ते त्याने शेवटपर्यंत कुणाला सांगितलं नाही," असं बाबा म्हणाले, आणि त्या बाईंनी रुमाल काढला. चांगल्या शिकल्यासवरलेल्या दिसत होत्या. नव्या वर्षात माणसं कशावर विश्वास ठेवतील याला धरबंध नसतो.

मग बाबांना ती दिसली.

"लक्ष द्या," ते त्याच सुरात म्हणाले. "एक सून सापडली आहे. डोळे लाल, कडेवर मुलगी. ज्यांची असेल त्यांनी ओळख पटवून घेऊन जावी."

चौक हसला. सूनबाई हसली नाही, तिला रडायची घाई होती. ती रडून होते तोवर नणंद, नवरा आणि मुका गाईड धापा टाकत पोचले. त्यांच्या मागोमाग सहलीच्या कचेरीतल्या बाईही आल्या, खऱ्या. त्यांनी गर्दी बघितली, कठड्यावरचे बाबा बघितले, आणि गाईडला झापण्यासाठी उघडलेलं तोंड मिटून घेतलं. हे गृहस्थ दर रविवारी येतील का, असं त्यांनी हळूच विचारलं. गाईडचा चेहरा पडला. बाबांनी तोडगा काढला: हे वाट दाखवतील, मी तोंड चालवीन.

नणंदेला ते चालणार नव्हतं. "बाबा, हे कसं जमेल? तुम्ही मला रांगेत शब्द दिलाय. मान हलवून."

"मी? मी तर इथे होतो."

"कुणीतरी हलवलीच ना मान," नवरा म्हणाला. दिवसभरातलं त्याचं हे एकमेव उपयोगी वाक्य.

"मग ज्याने हलवली त्याला ने," बाबा म्हणाले. "बाग आहे, मोकळी हवा आहे. त्याच्या घशाला मानवेल."

गाईडने आशेने नणंदेकडे बघितलं. नणंदेने तिथून काढता पाय घेतला.

दोन दिवसांनी ती एकटीच गावी गेली. जाताना वहिनीला म्हणाली, बाबांना कशात तरी गुंतवा असं मी म्हणतच होते. म्हणाली असेल. जी गोष्ट जमून येते ती मुख्याध्यापिकांनी आधीच सांगितलेली असते.

तर सूनबाई जिंकली. बाबा घरात राहिले. घरात म्हणजे काय, नावापुरते! रविवारी सहल, आणि बाकीच्या दिवशी सहलीत काय थापा मारायच्या त्याची पाहणी करायला गावभर पायपीट. भिंगरी घोषणेअभावी बिनआंघोळीची राहते. सूनबाईने एकदा मागे जायचं ठरवलं, तर गाईडच्या मागे सुनेने फिरणं शोभत नाही, असं बजावून त्यांनी तिला दारातूनच परत फिरवलं. तेव्हापासून ती घरात बसून काळजी करते. मोजायला आता काही नाही, त्यामुळे काळजीला मापच उरलेलं नाही.

म्हणून तिचं तुमच्याकडे एक काम आहे. रविवारी त्या चौकाकडे गेलात, तर बाबा सांगतील त्यातलं अक्षरही खरं मानू नका. पण जरा खाली बघा. त्यांच्या डाव्या बुटाची नाडी सुटते. वाकलं की कंबर धरते, आणि सगळ्या जगाची घोषणा करणारा हा माणूस तेवढं मात्र कुणाला सांगत नाही. सुटलेली दिसली तर बांधून द्या. पक्की गाठ मारा. कुणी पाठवलं विचारलंच, तर कुणी नाही म्हणा.