सोनकांबळे काका आणि सोडलेला गोलकीपर

"त्या माणसाने गोलकीपर सोडायला नको होता."

सोनकांबळे काकांच्या तोंडून मी ऐकलेलं हे पहिलं वाक्य. तेव्हा आम्ही दोघं चिक्कडपल्लीतल्या आमच्या बिल्डिंगच्या लिफ्टमध्ये, दोन मजल्यांच्या मध्ये अडकलो होतो. वीज गेली होती. मी पुण्याहून नोकरीसाठी नुकतीच इथे आले होते, कुणाशी ओळख नव्हती, आणि मिट्ट काळोखात एक अनोळखी गृहस्थ शुद्ध मराठीत गोलकीपरबद्दल हळहळत होते. मला वाटलं, जुन्या वॉचमनबद्दल बोलत असतील. हैदराबादेत वॉचमनला तसं म्हणत असतील. म्हणून मीही म्हटलं, "हो ना. आता दार कोण उघडणार?"

"तेच तर!" काका काळोखातही खूश झालेले कळले. "दार उघडंच राहिलं ना मग! सेमीफायनलला सताड उघडं!"

वीज येईपर्यंत मला सगळा इतिहास कळला. बऱ्याच वर्षांपूर्वी हॉकीची एक व्यावसायिक लीग निघाली होती. हंगामाच्या आधी सगळ्या संघांचे मॅनेजर एकत्र बसून पाळीपाळीने, फेरीफेरीने खेळाडू उचलायचे. त्याला ड्राफ्ट म्हणत. हैदराबादचाही एक संघ होता. काका त्याचं नाव कधी घेत नसत, नुसतं 'अपनी टीम' म्हणत. ही अपनी टीम थोडे हंगाम खेळली, बरीचशी हरली, आणि लीगसकट बंद पडली. गाव विसरलं. खेळाडूही बहुधा विसरले असतील. पण काकांच्या लेखी तो ड्राफ्ट अजून चालूच होता.

काका मूळचे नांदेडकडचे. टेलिफोन खात्यात नोकरीला म्हणून इथे आले ते इथलेच झाले. त्यांच्या बोलण्यात मराठवाडा आणि हैदराबाद शेजारी राहायचे. "कामून" म्हणून सुरुवात व्हायची आणि "नक्को" म्हणून शेवट. हॉलमध्ये बाबासाहेबांचा मोठा फोटो, बाजूला बुद्धाची मूर्ती, आणि दाराच्या मागे एक हॉकी स्टिक. ते स्वतः कधी कुठे खेळले का, असं मी एकदा विचारलं. "खेळायला बाकीचे आहेत की," ते म्हणाले. "निवडायला अक्कल लागते."

हे निवडणं त्यांच्या अंगात इतकं भिनलं होतं, की त्यांच्याबरोबर भाजी घेणंही अवघड व्हायचं. गाडीवर आपण वांग्याला हात घातला की बाजूने आवाज यायचा, "थांब पोरी. भरताचं वांगं पहिल्या फेरीत कुणी उचलतं का? आधी कोथिंबीर घे. कोथिंबीर संपते. वांगं कुठं जात नाही." बिल्डिंगचा नवा सेक्रेटरी निवडायची बैठक होती, तेव्हा त्यांनी तळमजल्यावरच्या तेलुगू रावगारूंना तोंडावर सांगितलं, "तुम्ही माणूस चांगले आहात, पण तुम्ही लेफ्ट हाफ, डाव्या कडेला खेळणारे. तुम्हाला सेंटरला खेळवलं तर बिल्डिंग बुडेल." रावगारूंना मराठी येत नव्हतं, म्हणून ते हसले आणि सेक्रेटरी झाले. पाण्याची टाकी पहिल्यांदा भरून वाहिली त्या दिवशी काका जिन्यात उभे राहून येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत होते, "निवड बघा. नशिबाला कामून बोल लावता?"

माझा नवरा निखिल पुण्याहून पहिल्यांदा आला, तेव्हा काकांनी त्याला आपादमस्तक न्याहाळलं आणि मला बाजूला घेऊन विचारलं, "याला कितव्या फेरीत घेतलास?"

"पहिल्याच, काका."

"हं." त्यांनी त्याच्याकडे पुन्हा एकदा पाहिलं. "चालेल. अंग धरेल हळूहळू."

निखिल तेव्हा पस्तिशीला आला होता.

पण हे सगळं वरवरचं. खरा खटला एकाच माणसावर होता. अपनी टीमचे मॅनेजर. काकांनी त्यांना कधी पाहिलं नव्हतं, तरी त्यांच्याविरुद्धचे आरोप बिल्डिंगमधल्या मुलांनाही पाठ झाले होते. सेंटर हाफ म्हातारा घेतला. कोच बाहेरचा आणला, ज्याला आपल्या मैदानाची धूळ ठाऊक नव्हती. आणि सर्वांत मोठं पाप म्हणजे गोलकीपर. कोडगूकडचा, म्हणजे कूर्गचा, एक उंच पोरगा, पहिल्या हंगामात भिंतीसारखा उभा राहिलेला. त्याला सोडून दोन फॉरवर्ड घेतले. दुसऱ्या संघाने त्याला उचललं, आणि पुढच्या सेमीफायनलला आपल्याच लोकांचे फटके त्याने एकामागून एक अडवले. हे सांगताना काकांचा आवाज दर वेळी तितकाच कापायचा. काकू असताना, म्हणे, त्या स्वयंपाकघरातून ओरडायच्या, "आता बस करा, तो गोलकीपर आजोबा झाला असेल!" काकू गेल्यापासून मात्र तसं बस करा म्हणणारं कुणी उरलं नव्हतं. मुलगी पुण्यात, तिचा रविवारी फोन. बाकी आम्ही शेजारी सगळे "हौ काका, हौ काका" म्हणून जिने चढून जायचो.

मग एकदा ऑफिसात जेवताना माझी मैत्रीण समीना सहज म्हणाली, "आमचे मोठे मामू एके काळी हॉकी टीमचे मॅनेजर होते. आता पडल्यापासून घरातच असतात."

माझा घास हातातच राहिला. मी विचारलं, टीम कुठली? हैदराबादची, त्या बंद पडलेल्या लीगमधली. तीच.

संध्याकाळी काकांना सांगितलं तर त्यांनी हातातला पेपर खाली ठेवला. मग विचारलं, "जिवंत आहेत?"

"आहेत. कादरी साहेब. नामपल्लीला, स्टेशनच्या मागे. रविवारी या म्हणालेत."

त्या आठवड्यात काकांनी शर्टाला कडक इस्त्री करून आणली, दाढी केली, आणि आरशासमोर भाषणाची तालीम केली. भिंतीपलीकडून मला ऐकू यायची. "कादरी साब, मेरेकु आपसे तीन सवाल हैं." मग खाकरणं. मग पुन्हा, जास्त जरबेत, "कादरी साब!" मला भीती वाटायला लागली. म्हातारा माणूस, पडलेला, आणि त्याच्या घरी मी हे असं तोफखान्यासारखं घेऊन जाणार. रिक्षात बसल्यावर मी म्हटलं, "काका, जरा सांभाळून हं."

"मी कुणाला मारायला चाललो नाही. हिशेब विचारायला चाललोय," ते म्हणाले आणि पूर्ण रस्ता बाहेर बघत बसले.

घर माणसांनी भरलेलं होतं. दारात चपलांचा ढीग, आत कुणाचं तरी बाळ रडत होतं, कुणीतरी मिक्सर चालवत होतं. कादरी साहेब खिडकीजवळच्या खुर्चीत बसले होते. बारीक, गोरे, पांढरी स्वच्छ दाढी, शेजारी वॉकर. समीनाने ओळख करून दिली, "मामू, हे सोनकांबळे साहेब. तुमच्या टीमच्या सगळ्या मॅचेस बघितल्यात यांनी."

"सगळ्या?" कादरी साहेबांनी मान वर केली.

"सब्ब," काका ताठ उभे राहून म्हणाले. मग खाकरले. "कादरी साब, मेरेकु आपसे—"

"बैठो मियाँ, बैठो," कादरी साहेब मध्येच म्हणाले. त्यांनी काकांचा हात धरला तो सोडलाच नाही. तो हात थरथरत होता, वयाने. "आप सब मॅचेस देखे. तो आप ही बोलो. वो कूर्गवाले गोलकीपर को मैं छोड़ दिया था. इत्ते साल हो गए, किसी से पूछा नै. ग़लती हुई क्या मेरे से?"

मी डोळे मिटून घेतले. आता सुटणार तोफ.

मिक्सर थांबला. काका त्या थरथरत्या हाताकडे बघत होते.

"नक्को साब," ते म्हणाले. "ग़लती कैकू? उसके घुटने में दम किधर था? एक सीझन और खेलता तो बैठ जाता. आप बिलकुल बराबर करे."

"घुटना?" कादरी साहेब पुढे झुकले.

"हौ. मैं ख़ुद देखा. लेफ्ट का घुटना."

कादरी साहेबांनी मान हलवली, हलवतच राहिले. मग चहा आला, बाळ आलं, बाळ काकांच्या इस्त्रीच्या शर्टावर ओकलं, आणि दोघं तास दीड तास जुन्या मैदानांवर बोलत बसले. बाकीचे दोन सवाल काकांनी विचारलेच नाहीत.

परतीच्या रिक्षात मी म्हटलं, "काका, गोलकीपरच्या गुडघ्याचं तुम्ही कधी बोलला नाहीत."

"त्याच्या गुडघ्याला काय धाड भरली होती?" काका चिडून म्हणाले. "वासरासारखा उड्या मारायचा!" मग ते नाकपुड्या फुगवून बसले. चिक्कडपल्लीचं वळण आल्यावर हळूच म्हणाले, "माणूस इतकी वर्षं बसून स्वतःलाच गोल मारून घेतोय, पोरी. त्यात आपण आणखी एक कामून मारायचा?"

मला वाटलं, चला, खटला निकाली निघाला. पण पुढच्या गुरुवारी काका पुन्हा नामपल्लीला गेले. त्याच्या पुढच्याही. इतक्या वर्षांचा फिर्यादी एका रात्रीत आरोपीचा वकील झाला होता, आणि वकिली त्याला जड जात होती. कारण कादरी साहेब दर वेळी नवी चूक काढत. या आठवड्यात सेंटर हाफ, पुढच्या आठवड्यात बाहेरचा कोच. आणि काका माझ्या दारात उभे.

"परवा कोचचं निघणार बघ. त्याच्या बाजूने काहीतरी सांग."

"तुम्हीच म्हणायचात ना, त्याला आपल्या मैदानाची धूळ ठाऊक नव्हती?"

"ते मी म्हणायचो. आता काय म्हणायचं ते सांग."

आम्ही दोघं डोकं चालवायचो. निखिल फोनवरून सूचना द्यायचा. "कोच बाहेरचा होता म्हणून कुणाची वशिलेबाजी चालली नाही, असं सांगा." काकांना ते फार आवडलं. "पोरगं अंग धरतंय," ते म्हणाले. म्हाताऱ्या सेंटर हाफबद्दल त्यांनी स्वतःच शोधून काढलं, की तो पळत नसे हे खरं, पण तो उभा असला की बाकीची पोरं घाबरत नसत. हे त्यांनी मला इतक्या पोटतिडकीने सांगितलं, की मला शंका आली, आता त्यांना ते खरंच वाटू लागलंय. बिल्डिंगमध्ये त्यांनी ड्राफ्टबद्दल बोलणं जवळजवळ सोडलं. एक दिवस रावगारूंनीच काळजीने मला विचारलं, "अम्मा, सोनकांबळेगारू तब्येत ओके ना? आजकल मेरेको लेफ्ट हाफ नहीं बोलते."

दिवाळीनंतरच्या एका गुरुवारी मला सुट्टी होती. फराळाचा डबा घेऊन मीही काकांबरोबर नामपल्लीला गेले. समीना कामावर होती. काकांनी चपला काढल्या, कादरी साहेबांच्या पाठीमागची उशी नीट केली, आणि कुणाला न विचारता आत चहा करायला गेले. पत्तीचा डबा कुठे, साखर कुठे, सगळं त्यांना ठाऊक होतं. आतल्या बायकांनीही त्यांना सहज वाट करून दिली.

मी कादरी साहेबांपाशी बसले. काहीतरी बोलायचं म्हणून म्हटलं, "तुम्ही इतका त्रास करून घेऊ नका मामू. जुनी गोष्ट आहे. काका सांगतात ना, सगळं बरोबर होतं."

कादरी साहेबांनी आतल्या दाराकडे एकदा पाहिलं आणि आवाज उतरवला.

"बेटा, तुम्हारे काका को झूट बोलना नै आता," ते म्हणाले. "वो छोकरे का घुटना लोहे का था. मेरेकु नै मालूम?"

मी हातातला फराळाचा डबा खाली ठेवला.

"गोलकीपर का मैं सच्ची पूछा था. वो एक काँटा था दिल में. उस दिन निकल गया. ग़लती तो हुई थी, मगर वो जैसा बोले ना, वैसा आज तक कोई नै बोला." त्यांनी दाढीवरून हात फिरवला. "बाक़ी टीम मैं बराबर चुना था. सेंटर हाफ, कोच, सब सोच-समझके. मेरेकु कोई अफ़सोस नै."

"मग दर गुरुवारी विचारता कशाला?"

त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मीच एखादी सोपी गोष्ट विसरले होते.

"मेरे घर में देखो, पाँव रखने को जगह नै. उनके घर में कौन है?" ते म्हणाले. "ख़ुद्दार आदमी है. ख़ाली बैठने बुलाया तो दो दफ़ा आएँगे, फिर नै आएँगे. सवाल है बोले तो आते." मग जरा खट्याळ हसले. "अब सवाल ढूँढने में मेरी नींद जाती. पिछले हफ़्ते तो टीम की जर्सी का रंग पूछ लिया मैं."

आतून कपबशा वाजल्या. काका ट्रे सांभाळत बाहेर आले. त्यांनी कादरी साहेबांच्या कपातली साय चमच्याने काढून टाकली, कप त्यांच्या दोन्ही हातांत नीट बसवला आणि मगच सोडला. त्या क्षणी कादरी साहेबांनी चेहरा पाडला. इतका झकास पाडला, की मलाही क्षणभर खरं वाटलं.

"सोनकांबळे साब, एक बात बहोत सता रई."

काकांनी लगबगीने खुर्ची पुढे ओढली. "बोलो साब. परेशान नक्को हो. बोलो."

"वो रिज़र्व गोलकीपर..."

मी माझा चहा घेऊन दाराशी गेले. मागे काका समजावत होते, अगदी हळू, आजारी मुलाची समजूत काढावी तसं. कादरी साहेब मध्ये मध्ये शंका काढत होते, म्हणजे काकांना आणखी बोलता येत होतं.

निघताना काका जिना उतरून दाराबाहेर थांबले. वर त्या खिडकीकडे पाहिलं. तिथून एक हात हलत होता.

"पाहिलंस?" ते मला म्हणाले. "किती पोखरलंय बिचाऱ्याला. एवढी माणसं घरात, पण मनातलं बोलायला कुणी नाही. मी आलो नसतो तर काय झालं असतं त्यांचं?"

"खरंय काका," मी म्हटलं.

आम्ही रस्त्याला लागलो. जरा पुढे गेल्यावर ते संकोचून म्हणाले, "पोरी, राग मानू नकोस. पण पुढच्या गुरुवारी तू येऊ नको. दोघंच असलो म्हणजे ते जास्त मोकळं बोलतात."