मोघे काकांचं घड्याळ

फ्रीमाँटमधल्या आमच्या टाउनहाउसच्या रांगेत मार्च ते नोव्हेंबर दोन वेळा चालतात. एक कॅलिफोर्नियाची आणि दुसरी मोघे काकांची.

संध्याकाळी उजेड जास्त मिळावा म्हणून मार्चमधल्या एका रविवारी इथे सगळे आपापली घड्याळं एक तास पुढे करतात आणि नोव्हेंबरात पुन्हा मागे घेतात. काका करत नाहीत. भिंतीवरचं नाही, मनगटावरचं नाही, मायक्रोवेव्हचंसुद्धा नाही. फोन मात्र आपोआप पुढे जातो, म्हणून त्याच्यावर त्यांचा राग. "त्याला अक्कल आहे, रीतभात नाही," म्हणतात. जेवायला बोलावलं की निमंत्रण असं: "सातला या. माझ्या सातला." पहिल्यांदा आम्ही जगाच्या सातला गेलो, तर काकांनी टॉवेल गुंडाळूनच दार उघडलं आणि आम्हालाच विचारलं, "इतकी घाई? भूक लागली का?"

मी चिडायचे. मला वेळेवर पोचायचं व्यसन आहे. काका निवांत. रिटायर झालेला आणि लग्नाच्या भानगडीत न पडलेला माणूस निवांतच असणार. त्यांचं तत्त्वज्ञानही ठरलेलं. "वसंतात झाडं बघ. कुणी सांगितलं म्हणून पालवी फुटते का? आतला तोल जमला की फुटते. तो बिघडला तर बाहेरचं घड्याळ काय चाटायचंय?"

आमची आठ वर्षांची इरा म्हणते, "काका, दॅट्स नॉट हाउ टाइम वर्क्स." यावर काका तिला खिशातली आलेपाकाची वडी देतात.

शेवटी मी तोडगा काढला. काकांना बोलवायचं ते एक तास आधीची वेळ सांगून. सहा सांगितलं की स्वारी बरोबर सातला हजर. हे वर्षानुवर्षं सुरळीत चाललं. काकांना ते ठाऊक होतं की नाही, देव जाणे.

एकदा सकाळी त्यांचा डबा परत द्यायला गेले, तर काका स्वयंपाकघरात ताठ बसून फोनवर आईशी बोलत होते. आई अमरावतीला, नव्वदीच्या पुढची, कानाने अधू. "हो आई, बरा आहे! तू जेव आता!" काका ओरडून सांगत होते. मला बघून जरा ओशाळले आणि मग सांगू लागले. अमेरिकेतल्या पहिल्या वर्षी हिवाळ्याच्या तोंडावर घड्याळं मागे गेली, तेव्हा यांनीही आपलं मागे केलं. रोजच्या वेळी फोन लावला, पण भारतातली घड्याळं हलत नाहीत, तिकडे एक तास उलटून गेलेला. आई ताट झाकून फोनपाशी बसलेली. पोराचं काही बरंवाईट झालं, असं धरून रडून रडून बेजार. त्या दिवसापासून काकांनी घड्याळाला हात लावला नाही.

"अहो काका, मग फोनमध्ये रिमाइंडर सेट करा ना!"

"करता येतो गं. पण ती तिकडे घड्याळाकडे बघत बसणार आणि मी इथे काटे फिरवून मोकळा? मनाला पटत नाही."

त्यानंतर मी चिडायचं सोडलं.

यंदा जानेवारीत काकांची आई गेली. काका अमरावतीला जाऊन आले ते बारीक होऊन, आणि फारसे दिसेनासे झाले. पाडव्याला मी त्यांना जेवायला बोलावलं, सवयीने एक तास आधीची वेळ सांगून.

बेल वाजली तेव्हा चक्का अजून फडक्यात होता आणि माझे केस ओले होते. दारात काका. अगदी सांगितलेल्या वेळेला.

"काका, यू आर अर्ली!" इरा ओरडली.

"घड्याळ पुढे केलं," काका म्हणाले. खुर्चीत बसले आणि मनगटाकडे बघत राहिले. "आता तिकडे कुणी वाट बघत नाही. सकाळी उठतो, चहा करतो आणि नुसता बसून राहतो. फोनची वेळ काही केल्या जात नाही."

चक्का तसाच टाकून मी त्यांच्यासमोर बसले. खिडकीतून डोंगर हिरवेगार दिसत होते. उन्हाळा लागला की ते वाळून पिवळे पडतात.

"त्या डोंगरावर सकाळी फिरायला जावं म्हणतो," काका म्हणाले. "हिरवा आहे तोवर. पण एकट्याचा पाय निघत नाही. तू येशील?"

सकाळी लवकर उठणं मला शिक्षेसारखं वाटतं.

"येते की," मी म्हटलं. "किती वाजता?"

"तू म्हणशील तेव्हा," काका म्हणाले.